वर्ध्याकडं नदीकाठानं पळायला सपाट आणि चांगला रस्ता कुठं मिळेल?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन वर्ध्याला आलोय, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, तिकडं टेकडीवर पळायचो, आता इथं नदीच्या काठाकाठानं जाणारा, दोन्ही बाजूंनी शेतं असलेला सपाट रूट सांगा. सपाट म्हणाल तर पाहिजे तेवढं मिळेल, पण ते "काठाकाठानं" जे आहे ना, ते आधी डोक्यातून काढून टाका. वर्धा नदीला पळण्यासारखा काठच नाही. वावर (शेत) थेट दरडीपर्यंत असते, दरड काळ्या मातीची, दर पावसाळ्यात थोडीथोडी खचते, आणि जरा पुढं गेलं की एखादा नाला आडवा येते, त्यात उतरा, बेशरमाच्या झुडपातून वाट काढा, परत वर चढा, वर आलं की कोणाच्या तरी चण्यात पाय. ते पळणं नाही, तो सर्व्हे झाला. आमच्याकडं नदीपर्यंत पळत जायचं, घाटावर टेकायचं आणि परत यायचं. नदी म्हणजे यू-टर्न.

मी पुलगाव आणि आर्वीच्या मधल्या एका गावात राहतो, शेती आहे. पळणं पोलीस भरतीपासून सुरू झालं, दोनदा मैदानात उतरलो, दोनदा राहिलो, मग वय निघून गेलं आणि पळणं तेवढं शिल्लक राहिलं. त्यामुळं हे सगळं माझ्या पायाखालचं सांगतोय, मॅपवर पाहून नाही.

तर पहिलं उत्तर कॅनॉल. धनोडीला निम्न वर्धाचं धरण आहे, त्याचा कॅनॉल आर्वीकडून देवळीकडं येते, आणि त्याच्या बाजूनं मुरमाचा सर्व्हिस रोड आहे, कुठं चांगला कुठं उखडलेला. पाण्याला उतारानं जायचं असते पण घाईनं नाही, म्हणून कॅनॉल हजार मीटरला एक मीटरसुद्धा उतरत नाही, म्हणजे तुमच्या घड्याळात चढ जवळपास शून्यच दाखवणार. मुरूम डांबरापेक्षा गुडघ्याला बरा, गाड्या जवळजवळ नाहीत, आणि ठिकठिकाणी साखळी क्रमांकाचे, म्हणजे अंतराचे, दगड रोवलेले आहेत त्यामुळं मोबाईलची रेंज गेली तरी किती झालं ते कळते. डिसेंबरात जा. रब्बीसाठी पाणी सोडलेलं असते, सकाळी थंडीत त्या पाण्यावरून वाफ निघत असते, एका अंगाला तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलावर, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी (कपाशी) पांढरी झालेली, आणि तारेवर एखादा खंड्या जो तुम्ही दहा पावलांवर आलात की उडून पुढच्या खांबावर बसणार, मग पुन्हा तिथून उडणार, असं करत करत तो तुम्हाला अर्धा किलोमीटर सोबत करते. मला तरी याच्यापेक्षा चांगलं काही दिसलं नाही, पुण्याची टेकडी मी पाहिलेली नाही म्हणा.

कॅनॉलवर पोट्टे (पोरं) भेटतील. भरतीचे. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत आलं तर पूर्ण २० मार्क, म्हणून पहाटे साडेपाचपासून दगड ते दगड मोजून पळत असतात, एकजण मोबाईलवर टायमिंग लावून उभा. मुलीपण असतात आता, त्यांचं ८०० मीटर. यामुळं इकडं पळणाऱ्या माणसाकडं कोणी वेड्यासारखं पाहत नाही, उलट सगळ्यांना वाटते तुम्ही उमेदवारच. मागच्या हिवाळ्यात एक काकाजी बंडी घेऊन येत होते, बैल थांबवून मला विचारलं, "काहून जी, भरती निघाली काय?" मी म्हटलं नाही जी, असंच पळतो. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "असंच? मंग ठीक आहे, तसंही वय नसतं बसलं तुमचं." आणि गेले.

दुसरं, पांदण. हा शब्द पुण्यात चालते का माहीत नाही, पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणारा बैलबंडीचा रस्ता, दोन्ही बाजूंनी बाभळी, बोरी, निरगुडी, वरून कमान झालेली. सावलीत पळायचं असेल तर पांदणच. पण पांदणीत दोन गोष्टी आहेत. एक, बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार येतो, तुमचे ते पातळ सोलचे रेसिंगचे बूट घरीच ठेवा. दोन, पांदण सोडून धुऱ्यानं (शेताच्या बांधानं) शॉर्टकट मारायचा नाही. तूर सोंगल्यावर जमिनीत जी खुटं राहतात ती तिरपी कापलेली असतात, ट्रॅक्टरचं टायर फाडतात, पाय काय चीज आहे. आणि खरं कारण वेगळंच आहे, ते सांगतो.

रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रात्रीतून वावर साफ करतात म्हणून लोक कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावतात, सोलरवरची, तिचा झटका बसला की माणूस शिव्या देतो आणि पुढं जातो. पण काही लोक लपूनछपून सरळ खांबावरून लाईन घेतात. तो झटका नाही, तो करंट आहे, त्यानं माणसं मेली आहेत. मी एकदा जानेवारीत अंधारातच निघालो होतो, पांदणीतून कॅनॉलवर जायला धुऱ्यानं दोनशे मीटर वाचत होते म्हणून वळलो, आणि बाजूच्या वावरातल्या मचाणावरून जागलीवरचा माणूस टॉर्च मारत ओरडला, "थांब रे बापा, करंट हाये तिथं!" थांबलो. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर गुडघ्याच्या खाली, बारीक जीआय तार, दव पडून तिच्यावर थेंबांची माळ झालेली, माझ्यापासून चार पावलं. ती तार कोणाची हे मी तेव्हाही विचारलं नाही. तेव्हापासून नियम एकच, उजाडल्याशिवाय डांबर किंवा कॅनॉल सोडायचा नाही. तुम्ही नवीन आहात, तुम्ही तर अजिबात नाही.

आता तुम्ही राहता शहरात तर रोजच्या रोज पुलगावकडं कोण येणार, म्हणून वर्ध्याजवळचं. सेवाग्राम साधारण ८ किलोमीटर आहे, जाऊन-येऊन १६, तुमच्या लाँग रनच्या कामाचं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून पायीच तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं, सेवाग्राम नंतर झालं. तारीख बघा, एप्रिल संपतानाची, आणि पहाटेच निघाले होते. वर्ध्यात एप्रिलमध्ये पायी कुठं जायचं तर दुसरी वेळच नाही, ते तेव्हाही तसंच होतं. सेवाग्रामहून आतल्या रस्त्यानं पवनार गाठता येते, आणि नदी म्हणून जे तुम्हाला हवंय ते पवनारलाच मिळेल, धाम नदी, विनोबांच्या आश्रमाखाली पायऱ्या, काळे खडक, खडकांच्या मधून पाणी, आणि जिथं १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी सोडल्या तिथली छत्री. बूट काढून पायऱ्यांवर बसा, नदीत पाय सोडा, पण खडकावर शेवाळ असते तिथं उड्या मारू नका. परत येताना नागपूर रोडनं येऊ नका, ट्रक फार, आल्या रस्त्यानंच या. आणि समृद्धी महामार्ग दिसायला कितीही गुळगुळीत असला तरी तिथं पायी माणसालाच काय दुचाकीलासुद्धा बंदी आहे.

रविवारी गाडी काढून जाणार असाल तर आर्वीहून कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणतात ते, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, अमरावती जिल्ह्यात. शेवटी पूल, पुलावरून नदी दोन्हीकडं लांबपर्यंत दिसते, खाली घाट, आणि मंदिर उंचावर म्हणून संपता संपता एक चढ मिळतो, तुम्हाला टेकडीची आठवण येत असेल तर तेवढा घ्या. कार्तिकात यात्रेच्या वेळी जाऊ नका, पळायला काय, चालायलाही जागा नसते. पुलगाव-आर्वी नॅरोगेजचा जुना मार्ग आहे, विरूळ-रोहण्याकडून जाणारा, तिथं पळता येईल का असं एकानं मला विचारलं होतं, नाही येत, वेड्या बाभळी माजल्या आहेत. बाजूचा गावरस्ता मात्र छान आहे.

पूर्वेकडं भंडारा जिल्ह्यात पवनीला एकदा जाऊन आलो, वैनगंगा. ती आमच्या वर्धेपेक्षा मोठी दिसते, घाटही जुने. गोसीखुर्दची धरणभिंत ११ किलोमीटरच्या वर लांब आहे, सरळ, सपाट, एका बाजूला समुद्रासारखं पाणी, पळणाऱ्याला पाहूनच पाय शिवशिवतात, पण भिंतीवर मनानं चढायचं नाही, गेटवर विचारा, नाही म्हणाले तर नहराचा रस्ता आहेच (तिकडं कॅनॉलला नहर म्हणतात). धानाच्या बांध्या आणि मामा तलावांच्या (जुन्या मालगुजारी तलावांच्या) पाळी, तो वेगळाच मुलूख. पश्चिमेला दर्यापूर-अकोल्याकडं पूर्णेचा खारपाणपट्टा सगळ्यात सपाट, आमच्याहूनही, पण तिथं झाड कमी आणि विहिरीचं पाणी खारं, हापशी दिसली म्हणून तोंड लावाल तर पस्तावाल, पाणी आपलं आपण न्यायचं.

सीझनचं सांगतो कारण इथं रस्त्यापेक्षा ते मोठं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी राजा. मार्चमध्ये पळस फुललेला असते, सकाळी सातपर्यंत ठीक. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो, साडेपाचला उजाडते तेव्हा तुमचं पळणं अर्धं झालेलं पाहिजे, आणि नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की सरळ सुट्टी घ्या, त्या नऊ दिवसांत न पळल्यानं कोणाची हाफ मॅरेथॉन हुकली नाही. जून लागला की डांबर सोडायचं नाही. काळी माती ओली झाली की बुटाला धरते, दहा पावलांत प्रत्येक पायाला अर्धा किलो, झटकली तर निघत नाही, काडीनं खरडावी लागते, आणि त्यात पाय घसरला तर सरळ मांडीपर्यंत. ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा नदीकडं जायचंच नाही, घाट पाण्याखाली असतो.

एक राहिलं, रेतीचे टिप्पर. ज्या रस्त्याच्या टोकाला रेतीघाट आहे तो रस्ता पहाटे रिकामा दिसते आणि मग अचानक दोन टिप्पर एकामागं एक सुसाट, लाईट बंद करून. रस्त्यावर ओली रेती सांडलेली दिसली तर तो रस्ता त्या दिवसापुरता सोडा. आणि हिवाळ्यात वावरात काठेवाडी लोकांचे उंट, मेंढ्या बसलेल्या दिसल्या तर कुत्र्यांसाठी पळणं थांबवून चालत जा, हातात काठी नसली तरी खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा, तेवढ्यानं भागते.

पुलगावकडं आलात तर रविवारी सकाळी सहाला कॅनॉलवर पोट्ट्यांची १६०० ची ट्रायल असते. मीपण पळतो त्यांच्यासोबत, शेवटून दुसरा येतो. तुम्ही आलात तर तिसरा येईन कदाचित.