पाय दुखतोय, मग डोकं कशाला तपासता?

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या आठवड्यात गावोगावी शिबिरं होतात, मुलांना मोठ्या दवाखान्यात ‘पूर्ण चेकअप’साठी पाठवलं जातं आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडे पत्रांचा गठ्ठा येतो. गावं वेगळी, प्रश्न तोच: लेकराचे हातपाय दुखतात, तर हे डॉक्टर डोकं, डोळे, लघवी कशासाठी तपासतात? ओपीडीत विचारायला आईबाप बिचकतात आणि बाहेर पडल्यावर मेडिकलच्या दुकानात विचारतात. दुकानदार उत्तर देतोही, हीच अडचण आहे. खालचे प्रश्न एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त मुलांबद्दलचे आहेत. एएस, म्हणजे वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेल्या) मुलांना यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. त्यांच्या पालकांनी उगाच धावपळ करू नये.

प्रश्न : आश्रमशाळेत मुलाचं रक्त तपासलं, पॉझिटिव्ह आलं. आता जिल्ह्याच्या दवाखान्यात पुन्हा तीच तपासणी सांगतात. एकदा झालेली पुरत नाही का? (गडचिरोली जिल्हा)

तीच नाही. शाळेत झाली ती सोल्युबिलिटी. थेंबभर रक्त द्रावणात टाकतात, द्रावण गढूळ झालं की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. वाहकाचंही गढूळ होतं आणि ग्रस्ताचंही. तुमचा मुलगा या दोघांतला कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, केल्यावरच कळतं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. एवढ्या लोकांची पहिली चाळणी स्वस्त आणि झटपटच असणार. चाळणीच्या चिठ्ठीवर ‘सिकलसेल आहे’ असं गावभर सांगू नका आणि औषधही सुरू करू नका. मुलाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर मशीन रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजत बसेल.

प्रश्न : बोटाला चिमटा लावून काय पाहतात?

रक्तातला ऑक्सिजन. तब्येत बरी असतानाचा आकडा फाइलवर असला की आजारपणात किती घसरला ते कळतं. मेंदी किंवा नेलपॉलिश लावून आणू नका.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, फळ्यावरचं सगळं दिसतं. तरी डोळ्यांत औषध टाकून तपासणी सांगितली. गरज आहे का?

आहे. पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या बिघडतात तेव्हा सुरुवातीला नजर चांगलीच असते, आणि नजर जाते तेव्हा उशीर झालेला असतो. दहाव्या वर्षानंतर नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पडदा पाहायलाच हवा. चष्म्याच्या दुकानातली मोफत तपासणी ही ती नव्हे.

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची, पहिलीत आहे, अभ्यासात हुशार. वर्षभरात एकदाही भरती करावी लागली नाही. तरी डॉक्टरांनी डोक्याची डॉपलर सोनोग्राफी लिहून दिली. घरात कोणाला फिट नाही. शेजारचे म्हणतात, त्यात डोक्याला करंट देतात. एका सेंटरवाल्याने सांगितलं, त्यापेक्षा सीटी स्कॅन करा, सध्या सवलत आहे. दिवाळीनंतर केलं तर चालेल का? (चंद्रपूर)

नाही चालणार. ही एकच तपासणी अशी आहे की ती टाळलेली ऐकली की माझा आवाज चढतो. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

करंट वगैरे काही नाही. पोटातलं बाळ ज्या ध्वनिलहरींनी पाहतात त्याच या. कानशिलावर जेल लावून नळी टेकवायची, अर्धा-पाऊण तास, सुई नाही, दुखणं नाही. शेतातल्या मोटारीच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं. सिकलसेलमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांचं अस्तर खराब होतं, धमनी आतून अरुंद होते आणि तिथून रक्त असंच वेगाने जातं. तुम्हाला लिहून दिलेली डोक्याची डॉपलर, म्हणजेच टीसीडी, हा वेग मोजते. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक, पुढच्या वर्षी या. १७० ते १९९ असेल तर लवकर परत मोजायचा. २०० किंवा वर असेल तर पक्षाघाताचा धोका खरा आहे. सहा वर्षांच्या मुलीला पक्षाघात कसा होईल, असं तुम्हाला वाटेल. होतो. आणि आदल्या दिवशी ती शाळेत गेलेली असते, हुशारही असते.

अमेरिकेतला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग २००च्या वर पण अजून पक्षाघात न झालेली १३० मुलं त्यात होती. साधारण निम्म्यांना नियमित रक्त दिलं, उरलेल्यांवर नेहमीचे उपचार केले. रक्त मिळालेल्यांत एका मुलाला पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ११ जणांना. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधी थांबवला. आजार आधी कळावा आणि टाळताही यावा, असं आमच्या शास्त्रात फार थोड्या ठिकाणी घडतं. म्हणून दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक एसएस मुलाची ही तपासणी वर्षातून एकदा करायची असते.

‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य मला डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांत बाळपणीचं, म्हणजे एफ हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्याने सरासरी त्रास कमी होतो, हे खरं. पण विदर्भातल्या वॉर्डांत वर्षभर जी मुलं भरती होतात त्यांना ही सरासरी कोणी सांगितलेली नसते. एक वडील मला म्हणाले होते, सोयाबीन निघालं की येतो. आले तेव्हा मुलगा उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवत होता. आता तो डाव्या हाताने लिहितो, चांगलं लिहितो. मी त्याची वही पाहते तेव्हा मला अक्षर दिसत नाही, सोयाबीन दिसतं.

सीटी स्कॅनबद्दल. सीटीत वेग दिसत नाही, नुकसान होऊन गेल्यावर ते दिसतं, आणि वर विनाकारण किरणोत्सर्ग. सवलत आहे म्हणून कोणी लेकराच्या डोक्याचा सीटी काढतं का? दुसरी चलाखी, किंवा अज्ञान म्हणा: ‘डॉपलर’ एवढंच वाचून मानेचा कॅरोटिड डॉपलर करून देतात. पैसे भरण्याआधी विचारा, ‘टीसीडीच ना, कानशिलावरून?’ रिपोर्टवर प्रत्येक धमनीचा वेग आकड्यात हवा. नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद माझ्या उपयोगाचा नाही. मशीन चित्र दाखवणारं असेल तर आकडे थोडे कमी येतात, म्हणून कोणत्या प्रकारचं मशीन तेही लिहून आणा. मुलगी जागी हवी आणि शांत हवी. झोपेत वेग बदलतो, रडण्याने बदलतो, तापात बदलतो, नुकतंच रक्त चढवलं असेल तरी बदलतो. झोपेचं औषध देऊन करतो म्हणाले तर उठून या. मोबाइलवर कार्टून लावून द्या, त्यापुरती माझी हरकत नाही.

आकडा जास्त आला तर घाबरून नागपूर-मुंबई एक करू नका आणि घरीही बसू नका. तो पुन्हा मोजून खात्री करतात, मग नियमित रक्त की हायड्रॉक्सीयुरिया हे औषध की दोन्ही, हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतील. ते पत्रातून ठरत नाही. मात्र तोंड वाकडं होणं, हातातली वस्तू गळणं, बोबडं बोलणं, यातलं काही दहा मिनिटं दिसलं आणि आपोआप गेलं, तरी त्याच क्षणी दवाखाना. रात्र असली तरी.

प्रश्न : लेकरू हायड्रॉक्सीयुरियावर आहे. दर महिन्याला रक्त काढतात. आधीच रक्त कमी, त्यात हे. शिवाय मेडिकलवाले म्हणाले हे कॅन्सरचं औषध आहे.

काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. म्हणून तुमच्या मुलाला कॅन्सर होत नाही की ते औषध विष होत नाही. सिकलसेलमध्ये ते एफ हिमोग्लोबिन वाढवतं, दुखण्याचे झटके कमी करतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली आणू शकतं, म्हणून मात्रा बसेपर्यंत दर महिन्याला किंवा त्याआधीही तपासणी, नंतर दोन-तीन महिन्यांनी. काढतात ते दोन-तीन मिलीलिटर, त्याने रक्त कमी होत नाही. तुमच्या लक्षात न येणारी एक गोष्ट त्याच कागदावर आम्हाला दिसते. औषध नियमित पोटात गेलं की लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, वाढतो. तो महिनोन्‌महिने जागचा हललाच नाही, तर ‘रोज देतो’ म्हणणाऱ्या बापाकडे मी फक्त बघते. कॅप्सूल घरी फोडून वाटून देऊ नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या कॅप्सूलला हात लावू नये. मात्रा तुमच्या मनाने कमी-जास्त नको.

प्रश्न : हिमोग्लोबिन ८ आहे, तरी डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक बंद केलं आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासायला लावलं.

बरोबर केलं. इथे रक्त लोहाअभावी कमी नसतं, लाल पेशी लवकर फुटतात म्हणून कमी असतं. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसलं तरच टॉनिक. फोलिक ॲसिड वेगळं, ते चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या पोराचं पोट दर वेळी डॉक्टर दाबून पाहतात. मागल्या वेळी त्यांनी मलेच हात लावून पाहायला सांगितलं. मी काय डॉक्टर हाय? (मेळघाट)

नाही, तुम्ही आई आहात, आणि पुढच्या भेटीपर्यंत पोराजवळ तुम्हीच असणार आहात. डॉक्टर पाणथरी पाहतात, डाव्या बरगडीखाली. लहान मुलांत कधी कधी रक्त एकदम पाणथरीत अडकतं, ती काही तासांत फुगते आणि मूल पांढरंफटक पडतं. जमैकात आयांना अशी पाणथरी चाचपायला शिकवलं आणि यामुळे होणारे मृत्यू खूप कमी झाले. पोर झोपलेलं असताना, पोट सैल असताना, बोटं हलकेच टेकवायची. आज किती बोटं लागते ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्यापेक्षा वाढलेली वाटली, पोर मलूल दिसलं, तर सरळ दवाखान्यात. पोटावर डाग देणाऱ्याकडे नाही. पाणथरी मोठी असली तरी जंतूंशी लढायचं तिचं काम बिघडलेलं असतं, म्हणून जादा लसी आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन असतं. तेही ‘बरं आहे’ म्हणून बंद करू नका.

प्रश्न : कंबरेचा एक्स-रे नॉर्मल आला तरी एमआरआय सांगितला. पैसे काढायचा धंदा आहे का?

धंदे आहेत, हा नाही. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की एक्स-रेमध्ये ते उशिरा दिसतं, एमआरआयमध्ये लवकर. मूल लंगडत असेल तर मालिश थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : लघवी का तपासतात? जळजळ तर नाही.

मूत्रपिंडातून प्रथिन गळतं का ते पाहायला. ते गळताना जळजळ होत नाही.

प्रश्न : मोठ्या, निरोगी मुलीच्या गालाच्या आतून कापसाने काहीतरी घेतलं. तिला काय झालंय? आणि मी पुन्हा गरोदर आहे. एका कंपनीचा माणूस म्हणतो, बाळाच्या नाळेचं रक्त साठवा, लहान मुलगा बरा होईल.

मुलीला काही झालेलं नाही. तिचा बोनमॅरो भावाशी जुळतो का, हे एचएलए तपासणीत पाहतात. सख्ख्या भावंडाचा जुळायची शक्यता चारात एक. ती वाहक असली तरी देऊ शकते.

त्या माणसाने तुम्हाला गणित सांगितलं नाही, मी सांगते. येणारं बाळ जुळण्याची शक्यता चारात एक, आणि तुम्ही दोघं वाहक असाल तर ते स्वतः एसएस नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही एकदम साधण्याची, सोळांत तीन. बाळ एसएस निघालं तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. आणि जुळलंच, तर बाळ मोठं झाल्यावर त्याच्याकडून बोनमॅरो घेता येतो, त्यासाठी दरवर्षी भाडं भरायची गरज नाही. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारा, एजंटला नाही.

पण बाई, तुम्ही किती आठवड्यांच्या गरोदर आहात ते लिहिलेलंच नाही! पोटातल्या बाळाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन होते, पुढे गर्भजल घेऊन. त्या भेटीला वेळेचं बंधन आहे. हे वाचून झालं की पेपर ठेवा आणि आजच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, नवऱ्याला घेऊन, दोघांच्या एचपीएलसीच्या कागदांसकट.

प्रश्न : चेकअपच्या दिवशी काय न्यायचं?

सगळी जुनी फाइल, औषधांची पाकिटं (रिकामी सुद्धा), पाण्याची भरलेली बाटली, एसीच्या खोलीसाठी स्वेटर. उपाशी आणू नका, तसं सांगितलं असेल तरच. आणि जो माणूस रोज औषध देतो त्याने यायचं. कामावर खाडा नको म्हणून आजोबांना पाठवता, आणि कॅप्सूल कोणत्या रंगाची ते आजोबांना माहीत नसतं.