नॅशव्हिलचा मनोरा सत्तर फुटांनी का कापला?

प्रश्न : अटलांटात रात्री एएम ६५० वर नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम, म्हणजे कंट्री संगीताचं केंद्र, छान लागतं. दिवसा नुसती खरखर. असं का? आणि हे केंद्र विमा कंपनीने काढलं, हे खरं का?
(एक वाचक, अटलांटा)

उत्तर : खरं आहे. नॅशनल लाइफ या विमा कंपनीने ते ५ ऑक्टोबर १९२५ ला सुरू केलं. नावातली तीन अक्षरं म्हणजे कंपनीचं घोषवाक्यच : ‘वी शील्ड मिलियन्स’. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला अंकल जिमी थॉम्पसन या पंचाहत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याने तिथे फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवलं आणि शनिवारच्या लोकसंगीताचा पाया पडला. १० डिसेंबर १९२७ ला आधीचा कार्यक्रम अभिजात संगीताचा होता. तो संपताच डीफोर्ड बेलीने माउथऑर्गनवर हुबेहूब आगगाडी पळवली, आणि निवेदक जॉर्ज हे यांनी ग्रँड ऑपेराची फिरकी घेत शनिवारच्या कार्यक्रमाला नाव दिलं : ‘ग्रँड ओल ऑप्री’.

आता खरखर. दिवसा आयनावरणाचा (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा थर मध्यम लहरी, म्हणजे एएम केंद्रांच्या लहरी, गिळतो, त्यामुळे फक्त जमिनीलगतची लहर पोचते. अंधार पडला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहर दूर उतरते. पण दोन्ही लहरी सारख्याच जोराने एका जागी आल्या, तर एकमेकींना मारतात. आवाज बुडतो, फाटतो. डब्ल्यूएसएमला हे चांगलंच भोवलं. १९३२ मध्ये ५० हजार वॉटच्या प्रक्षेपणासाठी उभारलेला मनोरा ८७८ फुटांचा होता. त्या उंचीला बरीच शक्ती तिरपी वर जायची आणि जवळच, जमिनीलगतची लहर अजून जोरात असते तिथे, उतरायची. म्हणून १९३९ मध्ये तो ८०८ फुटांवर आणला. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा तो आजही उभा आहे. उंच तितका चांगला, हा हिशेब इथे साफ चुकतो.

घरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकताना मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, संच आडवा फिरवून पाहा. आतल्या फेराइट कांडीचं (संचातल्या अँटेनाचं) टोक केंद्राकडे असेल तर आवाज सर्वांत कमी येतो.

प्रश्न : सांगलीत लागेल का?

उत्तर : रेडिओवर आशा धरू नका. आपल्याकडचे डिजिटल संच ९-९ किलोहर्ट्झने सरकतात. ६४८ नंतर थेट ६५७, मधलं ६५० लागतच नाही. इंटरनेटवर ऐका. ऑप्रीसाठी तिथले शनिवार संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाच. नोव्हेंबर ते मार्च त्यांची घड्याळं मागे असतात, तेव्हा साडेसहा.