फ्लॅक्समनपासून सुरुवात कर

ग्रीक पुराणातला प्रसंग नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेल्या) शैलीत काढायचा असेल, तर तैलचित्राच्या नादी आत्ताच लागू नकोस. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराची, होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यावरची रेखाचित्रं समोर ठेव. रोममध्ये राहून त्याने ती काढली आणि १७९३ साली तोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली. त्यांत छाया जवळजवळ नाहीच, सगळा भार बाह्यरेषेवर. त्याआधी फ्लॅक्समन वेजवूड या इंग्लिश कारखान्याच्या चिनीमातीच्या भांड्यांसाठी उठावचित्रांचे नमुने करायचा, शिवाय ग्रीक कलशांवरच्या आकृत्या त्याने बारकाईने पाहिल्या होत्या. म्हणून त्याची माणसं भिंतीवरच्या शिल्पपट्टीसारखी एका पातळीत येतात.

सार्पेडॉनचं चित्र घे. देवांचा राजा झ्यूस याचा हा मुलगा ग्रीक योद्धा पॅट्रोक्लसच्या हातून मरतो आणि निद्रा व मृत्यू हे जुळे भाऊ त्याचं शव त्याच्या मायदेशी, लिशियाला नेतात. आधी प्रसंग नीट वाच, मगच पेन्सिल धर. कोण कोणाला उचलतंय, वजन कुठे लोंबतंय हे कळल्याशिवाय हात नुसता बाह्याकार गिरवत राहतो.

मी पहिली दोन वर्षं कपड्यांच्या चुण्यांत अडकलो होतो. तू तसं करू नकोस! आधी अंग काढ, त्यावर वस्त्र चढव. चुणी खांद्यापासून, गुडघ्यापासून निघाली पाहिजे. रेघ मनगटातून नको, खांद्यातून ओढ, आणि एका दमात. चुकली तर खोडत बसू नकोस, नवा कागद घे. निर्जीव देहाचा लोंबता हात मला आजही सगळ्यात अवघड जातो. त्याला मी अख्खी सकाळ देतो.