लेगोची खोकी : ठेवायची की काढायची?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०१७ पासून नवरा आणि मी लेगोचे सेट घेऊन ठेवतोय, उघडायचे नाहीत, नंतर विकायचे असं ठरवूनच. आज बेसमेंटमध्ये ४३ खोकी आहेत. सॅटर्न फाइव्ह रॉकेटची ४, ताजमहालची २, असेंब्ली स्क्वेअर १, बाकी सगळे स्टार वॉर्सचे मधल्या किमतीचे. मुलगी पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. मी म्हणते आता विकून टाकू, नवरा म्हणतो पाच वर्षं थांब, दुप्पट होतील. रोज जेवताना हाच विषय. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : सॅटर्न फाइव्हची तीन खोकी आणि ताजमहालचं एक, ही नाताळच्या आधी विकायला काढा. स्टार वॉर्सची तर आधीच निघायला हवी होती. असेंब्ली स्क्वेअर राहू दे. आता असं का ते सांगते, कारण नवऱ्यालाही पटायला हवं ना.

ताजमहालपासूनच सुरू करू. लेगोने पहिला मोठा ताजमहाल २००८ मध्ये काढला, ५,९२२ तुकड्यांचा, किंमत ३०० डॉलर. मग कंपनीने तो काढणं बंद केलं आणि भाव चढत चढत दोन-तीन हजार डॉलरपर्यंत पोचला, ज्यांच्याकडे सील्ड, म्हणजे न उघडलेलं, खोकं होतं ते सगळे म्हणायचे आता पाच हजार होईल मग काढू. आणि २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट, एक तुकडा जास्त, ३७० डॉलरला परत बाजारात आणला. झालं, जुन्याचा भाव धाडकन खाली आला. स्टार वॉर्समधल्या मिलेनियम फाल्कन यानाचंही तेच, २००७ चा ५०० डॉलरचा मोठा फाल्कन हजारोंत विकला जात होता आणि त्याच २०१७ च्या शरदात ७,५४१ तुकड्यांचा नवा ८०० डॉलरला आला. तुमच्याकडे आहे तो ताजमहाल बहुतेक हा परत काढलेलाच असणार, खोक्यावरचा नंबर बघा, १०२५६ असेल. म्हणजे या सेटच्या बाबतीत कंपनीने एकदा केलंय आणि उद्या पुन्हा करू शकते, आणि तुम्हाला कोणी आधी फोन करून सांगणार नाही.

सॅटर्न फाइव्ह पण त्यातलाच. मला हा सेट फार आवडतो, १,९६९ तुकडे, माणूस चंद्रावर उतरला तेच साल, कोणाच्या तरी डोक्यातून किती प्रेमाने आलंय ते! पण २०१७ मध्ये आलेला हा सेट बंद झाला आणि २०२० मध्ये नवा नंबर लावून पुन्हा आला. एकाच सेटची चार खोकी ठेवणं म्हणजे चारही अंडी एकाच पाटीत, आणि ती पाटी कंपनीच्या हातात. एक ठेवा, तीन काढा.

आता दुप्पट होण्याचा हिशोब. नवरा जो भाव बघतोय तो लोकांनी मागितलेला भाव असेल तर तो सोडून द्या, मागायला काय जातं. खरोखर विकल्या गेलेल्या व्यवहारांचा सरासरी भाव ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर, दिसतो, गेल्या सहा महिन्यांचा, सील्ड आणि वापरलेला वेगवेगळा, तोच बघा. आणि मग त्यातून खर्च वजा करा. समजा १२० डॉलरला घेतलेला सेट आठ वर्षांनी २६० ला गेला, ऐकायला दुपटीहून जास्त, चक्रवाढीने वर्षाला दहा टक्के पडले. पण ईबेचं कमिशन तेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३४ डॉलर गेले, मोठं खोकं पाठवायचे १८, बाहेरचं खोकं-बबल रॅप ३, हातात आले २०५. वर्षाला सात टक्केसुद्धा नाही, आणि यात टॅक्स धरलेलाच नाहीये, आठ वर्षं अडलेली जागा धरलेली नाहीये. ब्रिकलिंकवर कमिशन बरंच कमी पण तिथे गिऱ्हाईक चोखंदळ असतं, कोपरा दबलेला दिसला की लगेच भाव पाडून मागतं.

मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधल्या २,३२२ सेटचे भाव अभ्यासले होते, त्यात सरासरी वर्षाला ११ टक्के वाढ दिसली. ही बातमी सगळीकडे फिरली आणि तिच्यामुळेच तुमच्या-माझ्यासारख्या कितीतरी घरांत खोकी येऊन पडली. पण त्याच अभ्यासात काही सेट वर्षाला निम्म्यावर आले आणि काही सहाशे टक्के वाढले असंही आहे, ते कोणी वाचत नाही. आणखी दोन गोष्टी त्यात तुमच्या कामाच्या आहेत. सेट दुकानातून गेल्यावर दोन-तीन वर्षांनी भाव हलायला लागतो, त्यामुळे असेंब्ली स्क्वेअर थोडं थांबवा, मॉड्युलर इमारतींच्या, म्हणजे एकीला एक जोडून रस्ता करायच्या घरांच्या, रांगेतला तो सेट आहे आणि रांग पूर्ण करणारे लोक मागची घरं शोधत येतात. दुसरं म्हणजे अगदी छोटे आणि अगदी मोठे सेट चांगले वाढतात, मधले रेंगाळतात. तुमचे स्टार वॉर्सचे सगळे मधले! शिवाय तीच विमानं पुन्हा पुन्हा येतात, एक्स-विंगच बघा ना, १९९९, २००६, २०१२, २०१८, २०२१. नवं समोर असताना तुमचं जुनं कोण घेणार? फक्त आत कुठला मिनिफिगर, म्हणजे छोटा बाहुला, आहे ते तपासा, एखादा बाहुला दुसऱ्या कुठल्याच सेटमध्ये आला नसेल तर अख्ख्या खोक्याची किंमत त्या एका बाहुल्यात असते, ते खोकं वेगळं काढून ठेवा.

मग विकायची वेळ कशी ओळखायची, तर घेतल्यापासून किती वाढलं ते बघूच नका, गेल्या एका वर्षात किती वाढलं ते बघा. २६० चा २७० झाला असेल तर ते चार टक्के आहेत, त्याच्यासाठी पाच वर्षं थांबायचं कारण नाही. आणि कॉलेजची फी ऑगस्टमध्ये भरायचीय, तेव्हा जूनमध्ये घाईघाईत विकायला बसलात तर समोरच्याला तुमची घाई कळते. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागणी सगळ्यात जास्त, जानेवारीत सगळं थंड. एका वेळी एका सेटचं एकच खोकं टाका, तीन एकदम टाकलीत तर तुमचंच एक दुसऱ्याचा भाव पाडतं. घेतल्याच्या पावत्या शोधून ठेवा, टॅक्सला लागतील.

आणि आज रात्रीच बेसमेंटमध्ये जाऊन बघा. मी दादरला असताना सहा खोकी माळ्यावर आडवी रचून ठेवली होती, एका पावसाळ्यात खालच्या दोघांचा पुठ्ठा फुगला, मागच्या कडेला कसरीने खाल्लेल्या बारीक रेघा, आणि सीलची टेप पिवळी पडून एका बाजूने सुटलेली. आतल्या पिशव्या जशाच्या तशा होत्या हो, पण सुटलेली टेप म्हणजे सील्ड राहिलं नाही, पस्तीस टक्के कमी घेऊन द्यावं लागलं. खोकी उभी ठेवा, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, ऊन न येता, डीह्युमिडिफायर चालू.

नवऱ्याला म्हणावं तुझ्या आवडीची पाच खोकी निवड, त्यांना कोणी हात लावणार नाही. बाकी अडतिसांचा निर्णय हिशोबाने करा.

प्रश्न : ठाण्यात राहतो. मुलाने जोडलेले दहा-बारा मोठे सेट घरात आहेत, तो आता जर्मनीला गेला. काही भारतात घेतलेले, काही भावाने अमेरिकेतून आणलेले. बनवलेल्या सेटला किंमत येते का? की भंगारात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, भंगारवाल्याला अजिबात बोलवू नका! वापरलेल्या सेटला बऱ्यापैकी किंमत येते, सील्डपेक्षा कमी पण येते. भारतात बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, मार्क सक्तीचा, त्यामुळे जुना सेट इथे बाहेरून मागवणं परवडत नाही आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला तुमच्या शेल्फवरचा सेट हवाच असतो.

आधी तुकडे मोजा, मी खरंच म्हणतेय, सूचनापुस्तिका समोर ठेवून (हरवली असेल तर लेगोच्या साइटवर फुकट मिळते) एकेक पिशवीचा भाग तपासा. दोन-चार तुकडे कमी असले तर स्पष्ट लिहा. मिनिफिगर आधी वेगळे झिपच्या पिशवीत काढा. धूळ मऊ ब्रशने, मग कोमट पाण्यात साबणाने, स्टिकरवाले तुकडे पाण्यात घालू नका. पांढरे-निळे तुकडे खिडकीजवळ पिवळे पडले असतील तर फोटोत दिसू द्या, नंतर वाद होत नाही.

पण विकायच्या आधी मुलाला एक व्हिडिओ कॉल करा, शेल्फ दाखवा. त्याला एखादा सेट हवा असेल.

प्रश्न : माझ्याकडे हॉट व्हील्सच्या ३० खेळण्यातल्या गाड्या कार्डसकट, न उघडलेल्या आहेत, त्यात एक सुपर ट्रेझर हंट, म्हणजे क्वचित मिळणारी. आता विकू की थांबू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ती खरी सुपर आहे का ते बघ, रबरी टायर आणि झगझगीत रंग, गाडीवर ‘टीएच’ अक्षरं. असेल तर तिला कडक प्रोटेक्टरमध्ये घाल आणि ठेव, तेवढीच. बाकीच्या २९ साध्या असतील तर त्यांचं वाढून वाढून किती वाढणार, कार्ड फाड आणि धाकट्या भावाला खेळायला दे.