वाचकांचे प्रश्न : सिम्फनींचे क्रमांक, शोपाँचं प्रिल्यूड आणि शूमानचा हात

प्रश्न : मेंडेल्सनची चौथी सिम्फनी तिसरीच्या आधी पुरी झाली होती, असं ऐकलं. शूबर्टची ‘अनफिनिश्ड’ एका सीडीवर सातवी आहे, दुसरीवर आठवी. खरं काय धरायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : क्रमांक बहुतेक वेळा छापल्याचा असतो, लिहिल्याचा नव्हे. चौथी, म्हणजे ‘इटालियन’, १८३३ मध्ये लंडनला वाजली. पण मेंडेल्सनचं समाधान होईना. तो दुरुस्त्या करत बसला आणि हयातीत त्याने ती छापू दिलीच नाही. ‘स्कॉटिश’ १८४२ ची, ती लगेच छापली गेली, म्हणून ती तिसरी. ‘रिफॉर्मेशन’ तर या दोन्हींच्या आधी लिहून झाली होती, पण छापली सगळ्यांत शेवटी. म्हणून पाचवी आणि ओपस (रचनेला दिलेला प्रकाशन-क्रमांक) १०७. ओपसचा आकडा मोठा म्हणून ती उतारवयातली रचना समजणं इथे साफ चुकतं : मेंडेल्सन तेव्हा विशीत होता. शोपाँच्या दोन पियानो कॉन्चेर्टोंचंही (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचना) असंच. एफ मायनरमधला ‘दुसरा’ आधी लिहिलेला आहे.

द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ जुन्या एलपींवर पाचवी दिसते, आज ती नववी. त्याच्या पहिल्या चार सिम्फनी तो जिवंत असेतो छापल्याच गेल्या नव्हत्या. पुढे त्या मोजणीत आल्या आणि बाकीच्या सरकल्या.

शूबर्ट ३१ व्या वर्षी गेला, तेव्हा ढीगभर लेखन अप्रकाशित होतं. ‘अनफिनिश्ड’ १८२२ ची, पहिल्यांदा वाजली ती १८६५ मध्ये, व्हिएन्नाला. इ मेजरमधली एक सिम्फनी त्याने फक्त आराखड्यापर्यंत नेली. ती मोजली तर ‘अनफिनिश्ड’ आठवी, सोडली तर सातवी. जर्मन मंडळी सोडतात. तेव्हा शूबर्टपुरता क्रमांक विसरा आणि ‘डी’ आकडा बघा. ओटो एरिख डॉइच या अभ्यासकाने १९५१ मध्ये कालक्रमाने सूची केली, हा डी त्याचाच. ‘अनफिनिश्ड’ डी ७५९, मोठी सी मेजर सिम्फनी डी ९४४. रेकॉर्डिंग शोधताना मूळ स्वर (सी मेजर वगैरे) आणि डी आकडा दोन्ही टाका, घोळ होत नाही.

प्रश्न : शोपाँचं इ मायनर प्रिल्यूड (छोटी पियानो-रचना; ओपस २८, क्रमांक ४) बसवते आहे. नोट्स सोप्या आहेत, तरी ऐकायला ठोकल्यासारखं वाटतं. (वाचक, नाशिक)

उत्तर : दोष बहुधा डाव्या अंगठ्याचा आहे. डाव्या हाताच्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला) सगळ्यांत वरचा स्वर अंगठ्यावर येतो, अंगठा मुळात जड, आणि एकेका मात्राखंडात आठ-आठ कॉर्ड्स. मग उजव्या हाताची चाल त्याखाली दबते. आधी डावा हात एकटा घ्या. पट्टी पूर्ण वर येऊ देऊ नका; बोटं पट्टीला चिकटलेली ठेवून अर्ध्यातूनच पुन्हा दाबा. वजन करंगळीकडे झुकवा.

दुसरं, कॉर्ड बदलताना बहुतेक ठिकाणी तीनपैकी एखादाच स्वर अर्ध्या पायरीने उतरतो. पेन्सिलने नेमक्या त्या स्वराला गोल करा. तो जरा ऐकू आला की साथ आपोआप बोलायला लागते. पेडल कॉर्ड बदलेल तिथेच बदला. आधीचा आवाज ओढत नेला तर शेजारचे अर्धस्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

लय ‘लार्गो’ आहे, पण चिन्ह कट टाइमचं : मात्राखंडात दोनच ठोके. चार मोजलेत तर इतकं संथ होतं की उजव्या हाताचा लांब बी स्वर पुढच्या सी पर्यंत पोचायच्या आत विरून जातो. पियानोचा आवाज उतरतोच, त्याला इलाज नाही. म्हणून लांब स्वर भरीव आणि त्यानंतरचा छोटा स्वर हलका. सोळाव्या मात्राखंडापाशी ‘स्ट्रेट्टो’ लिहिलंय, तिथे मात्र लय रेटायची. एरवी रुबाटोच्या (लय मोकळी ताणण्या-आवळण्याच्या) नावाखाली डावा हात डुलवू नका. डाव्या हाताने कंडक्टरसारखी लय धरावी, असं शोपाँ शिकवायचा, हे त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय. आणि शेवटच्या तीन कॉर्ड्सच्या आधीचा विराम पुरता पाळा. तिथे घाई करणारे फार.

प्रश्न : बोटं बळकट करणारं यंत्र वापरून संगीतकार शूमानचा हात गेला, हे खरं का? मुलासाठी असं एक साधन घ्यायचा विचार आहे. (पालक, ठाणे)

उत्तर : उजवा हात निकामी झाला हे खरं, १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लाइपझिगला. त्याने तसलं साधन वापरलंही होतं. नुकसान त्यानेच झालं की मज्जासंस्थेच्या विकाराने, यावर डॉक्टरांत एकमत नाही. साधन मात्र घेऊ नका. अनामिकेचा स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या बंधांना जोडलेला असतो, त्यामुळे ती एकटी उचलायला जड जाणारच, ताकद वाढवून ते सुटत नाही. मनगट सैल ठेवून पाच स्वरांचा सराव हळू लयीत करू द्या आणि दुखलं की थांबवा. शूमानने पियानो सोडला नाहीच म्हणा : ओपस १ ते २३ सगळं पियानोसाठी आहे, फक्त मैफलीत ते वाजवायचं काम पुढे त्याची पियानोवादक पत्नी क्लारा हिच्याकडे गेलं.