उपचार योजनेतून, पण राहायचं कुठं?

“मॅडम, ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. पण आता एवढे दिवस मुंबईत राहायचं कुठं, खायचं काय? त्यापेक्षा शेक नकोच.”

हे म्हणणाऱ्या अक्का सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळला झालेलं, पुढे पाच आठवडे रेडिएशन, म्हणजे अक्कांच्या भाषेत ‘शेक’, सांगितलेलं. मुलगा यंत्रमागावर. तो सोबत राहिला तर हजेरी बुडणार, नाही राहिला तर अक्का एकट्या. आजाराबद्दल त्या शांतपणे बोलल्या. “माझ्यापायी पोराचा संसार बसेल,” म्हणताना मात्र पदर डोळ्यांना लागला.

इथे नुसतं ‘धीर धरा’ म्हणून भागत नाही. रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्याचे पाच दिवस, रोज काही मिनिटं असतं आणि मध्ये खाडे झाले तर परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून राहण्याची सोय हा मी उपचाराचाच भाग मानते. ती नाही म्हणून उपचार सोडणाऱ्याला बेफिकीर म्हणणं मला पटत नाही.

मुलाला म्हटलं, डॉक्टरांना एवढंच विचार, हे रेडिएशन बार्शीत घेतलं तर चालेल का? बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सोलापूरहून साधारण 70 किलोमीटरवर आहे. प्रत्येकाला होकार मिळतोच असं नाही. आजार पाहून डॉक्टरच ठरवतात. अक्कांना मिळाला. डॉक्टरांची चिठ्ठी, ऑपरेशनचे कागद आणि गाठीचा रिपोर्ट घेऊन त्या बार्शीला गेल्या.

मुंबईच गाठावी लागणार असेल, तर निघण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलून घ्या. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. रुग्णालयाची फाइल जवळ ठेवा, जागेसाठी थांबायची तयारीही ठेवा. रेल्वेत उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत 100 टक्के, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून भरून घ्यावं लागतं. तपासणीसाठी अक्का आता सिद्धेश्वर एक्स्प्रेसने याच सवलतीत जातात.

राहिला बार्शीला सोबत कुणी जायचं हा प्रश्न. घरच्यांना एकत्र बसवलं तेव्हा जाऊ आणि भाची आपणहून पुढे आल्या. मुलाकडे एकच वार राहिला. अक्का म्हणाल्या, “कुणाचा कुठला वार ते लिहून भिंतीला लावा. रोज कुणापुढं तोंड उघडायला नको.”