निवड हुकली, घोटा दुखावला, सरावाला जावंसं वाटत नाही : व्यावसायिक बास्केटबॉलपटू अशा वेळी काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा : "मी 18 वर्षांची, नाशिकमध्ये बास्केटबॉल खेळते, पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी). राज्य संघाच्या निवड चाचणीत यंदाही नाव आलं नाही. वर्षभरात उजवा घोटा दोनदा मुरगळला. आता कोर्टवर जायची इच्छाच होत नाही. व्यावसायिक खेळाडू अशा वेळी प्रेरणा कुठून आणतात? की सोडूनच द्यावं?"

तीन वेगळ्या तक्रारी तू एकाच पिशवीत भरल्या आहेस आणि पिशवीवर 'प्रेरणा' अशी चिठ्ठी लावली आहेस. निवड न होणं, घोटा अधू राहणं आणि मन न लागणं, या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. व्यावसायिक संघात यासाठी माणसंही वेगळी असतात : पहिलीसाठी कोच, दुसरीसाठी फिजिओ, तिसरीसाठी बहुतेक वेळा आधी डॉक्टर. मी शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण ती अनेकदा मनाची नसतेच.

रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही. फक्त हिमोग्लोबिन बघून 'सगळं ठीक आहे' म्हणणं ही नेहमीची चूक. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. खेळणाऱ्या मुलींमध्ये हे फार आढळतं : पाळीतून रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं आणि जेवण मात्र न खेळणाऱ्या मैत्रिणीइतकंच असतं. मग दुसऱ्या क्वार्टरमध्येच पाय जड होतात, पहाटे उठवत नाही, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, 'हिचं लक्ष उडालं.' अहवालात कमतरता निघाली तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घे, मनाने नको. जेवणाबाबत दोन गोष्टी आजपासून करता येतील : जेवणानंतर तासभर चहा नाही, आणि डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं. नागलीची भाकरी चांगलीच आहे, पण तिचा खरा जोर कॅल्शियमवर. लोहासाठी तेवढ्यावर विसंबू नकोस. पाळी सलग तीन महिने आली नसेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं कारण आहे. पोटाला कमी आणि सराव जास्त असं झालं की शरीर आधी तिथे कपात करतं, मग हाडांवर.

दुसरी गोष्ट झोप. पहाटे साडेपाचला कोर्ट, दिवसा कॉलेज, संध्याकाळी गंगापूर रोडला क्लास, रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल. हे गणित पाच-साडेपाच तासांच्या पुढे जात नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष संघातल्या 11 खेळाडूंवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवडे त्यांना रात्री 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांच्या फ्री थ्रोची (फाऊलनंतर मिळणाऱ्या बिनविरोध थ्रोची) अचूकता 9 टक्क्यांनी वाढली. खेळाडू थोडे होते, म्हणून आकड्याला फार चिकटू नकोस, पण दिशा स्पष्ट आहे. तुझ्यासाठी व्यवहारी तोड अशी की आठवड्यातले तीन दिवस सकाळचा सराव बंद करून तो संध्याकाळी घ्यायचा. सहाही सत्रं अर्धवट झोपेची असण्यापेक्षा तीन तरी पूर्ण झोपेची बरी.

आता घोटा. मुरगळलेला घोटा सूज उतरली की बरा झाला असं समजून मुली दहाव्या दिवशी कोर्टवर येतात. सूज उतरते, पण घोट्याभोवतीच्या स्नायूंची तोल ओळखण्याची सवय परत आलेली नसते, म्हणून दुसऱ्यांदा तोच घोटा त्याच बाजूला वळतो. पुन्हा कधी झालंच तर : दुखापतीनंतर लगेच किंवा तपासणीच्या वेळी चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या टोकदार हाडांवर मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. नसेल तर पहिले दोन दिवस क्रेप बँडेज, पाय उंच आणि थोडा-थोडा भार. मालीश करून 'नस बसवून' घेणं अजिबात नको. ताज्या दुखापतीत रक्तस्राव वाढतो.

परत खेळायला कधी जायचं ते तारखेने नाही, कसोट्यांनी ठरवायचं. एकट्या उजव्या पायावर टाच वर-खाली : डाव्या पायाने जितक्या होतात तितक्या, निदान 20-25. डोळे मिटून एका पायावर 20 सेकंद उभं राहणं. एका पायावरची लांब उडी मोजपट्टीने मोजायची, दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्के तरी हवी. शेवटी पूर्ण वेगात दिशा बदलून दहा वेळा थांबणं, लंगडत न जाता. यातलं एक जरी जमत नसेल तर पाच विरुद्ध पाच खेळू नकोस, शूटिंग चालेल. आणि पुढचे किमान सहा महिने लेसचा घोटाबंद (अँकल ब्रेस) घालूनच खेळ. सैल इलॅस्टिकचा मोजा नव्हे. त्याने ऊब मिळते, आधार नाही.

इथे एनबीए या अमेरिकन लीगमधल्या स्टीफन करीचं उदाहरण खरंच कामाचं आहे. 2011-12 च्या हंगामात घोट्यामुळे तो 66 पैकी केवळ 26 सामने खेळला, शस्त्रक्रियाही झाल्या. पुढे त्याच्या ट्रेनरांनी घोट्यावरचा भार कमी करायला कंबर आणि नितंबाचे स्नायू बळकट करण्यावर जोर दिला, म्हणजे थांबताना आणि वळताना झटका वर झेलला जाईल. तुझ्यासाठी याचा अर्थ : आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं (आधी रिकामी दांडी, पाठ सरळ, 3 वेळा 8), एका पायाचा स्क्वॉट 3 वेळा 6, आणि खोक्यावरून उतरून गुडघे आत न वळवता, आवाज न करता जमिनीवर येण्याचा सराव. हा शेवटचा भाग टाळू नकोस. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तो बऱ्याचदा धक्क्याशिवाय, उडीवरून उतरताना फाटतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. घोटा त्या मानाने स्वस्तात सुटतो.

नाशिकच्या कोर्टांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आपली बहुतेक कोर्टं उघडी, सिमेंटची. लाकडी कोर्टसाठी बनवलेल्या मऊ तळाच्या बुटांच्या रेघा सिमेंटवर काही महिन्यांत सपाट होतात आणि सपाट तळ हे घसरण्याचं आमंत्रण. महिन्यातून एकदा बूट उलटा करून पंजाखालचा भाग बघायचा. कडक रबरी तळाचे घे. पावसाळ्यात कडेच्या रेषेपाशी, जिथे पाणी साचतं, तिथे शेवाळ धरतं, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. लोखंडी ब्रश आणि ब्लीचिंग पावडरीने अर्ध्या तासात निघतं, फक्त कुणीतरी करायला हवं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, तेव्हा पाच मिनिटांच्या वॉर्म-अपने भागत नाही, 12 ते 15 मिनिटं दे.

मग निवड. संघ 12 जणींचा असतो. त्यात पॉइंट गार्ड फार तर तीन. म्हणजे तू पन्नास मुलींशी नाही, आपल्याच जागेच्या दहा-बाराजणींशी झगडत असतेस, आणि तेही पाच-सात मिनिटांच्या खेळात. एवढ्या वेळात निवड समितीला पायांमधून काढलेला ड्रिबल आठवत नाही. दिसतं ते हे : बॉल हरवल्यावर मुलगी लगेच मागे बचावाला धावते की हात पसरून उभी राहते, डिफेन्समध्ये तोंडाने सांगते का ('डावीकडे स्क्रीन', 'माझी'), 8 सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे शांतपणे नेते का, डाव्या हाताने ले-अप घेते का, शॉट गेल्यावर बॉक्स आउट करते का, म्हणजे अंगाने प्रतिस्पर्ध्याला रिंगपासून मागे अडवते का. पाचपैकी चार गोष्टींना उंची लागत नाही. चाचणीच्या आदल्या महिन्यात या पाचांचा सराव कर आणि कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांग. स्वतःचा व्हिडिओ आवाज बंद करून बघ, मग फक्त आवाज ऐक. बहुतेक गार्ड्सचा आवाज ऐकूच येत नाही.

वगळल्यावर एकदा सरांना विचार, पण 'मला का नाही घेतलं?' असं नको, त्यावर उत्तर सारवासारवीचंच येतं. 'माझ्या जागेवर निवडलेल्या तिघींपेक्षा मी कोणत्या एका गोष्टीत मागे आहे?' असं विचार. एकच गोष्ट मागितली की माणूस खरं बोलतो.

मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं, ही गोष्ट तुला दहा जणांनी ऐकवली असेल. ती अर्धी खरी आहे. 1978 मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये त्याला मोठ्या मुलांच्या संघात घेतलं नाही, खालच्या संघात घेतलं, आणि तिथे तो वर्षभर रोज खेळला. अपमान गिळून पेटून उठला वगैरे ठीक, पण त्याला मिळाली ती खेळायची मिनिटं. बाकावर बसून मोठ्या संघाचा टी-शर्ट घालण्यापेक्षा खालच्या संघात 30 मिनिटं खेळणं वयाच्या अठराव्या वर्षी जास्त मोलाचं. तुझा ज्युनियर गट आता संपतोय, पुढची चाचणी थेट सीनियर महिलांत आहे. मधला पूल विद्यापीठाचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नाशिक विभागाकडून खेळता येतं, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. शिवाय थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीनचा खेळ, बघ : 10 मिनिटं किंवा 21 गुण, 12 सेकंदांचं शॉट क्लॉक, अर्धं कोर्ट. चपळ गार्डला तिथे जागा आहे. फक्त त्याचा बॉल 6 नंबरच्या आकाराचा पण 7 नंबरच्या वजनाचा असतो. आठवडाभर आधी हाताला सवय लाव, नाहीतर सगळे शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतात.

फॉर्म गेल्यासारखं वाटत असेल तर वही ठेव. तुझी फ्री थ्रोची खरी अचूकता 70 टक्के आहे असं धरू. दहा फ्री थ्रोंच्या संचात पाच किंवा त्याहून कमी आत जाण्याची वेळ नुसत्या योगायोगाने शंभरात पंधरा वेळा येते, म्हणजे रोज एक संच धरला तर साधारण दर सातव्या दिवशी. त्या दिवशी हताश होऊन शूटिंगची ढब बदलणं हा सगळ्यात महाग उतावीळपणा. शंभराच्या संचात मात्र 60 किंवा त्याहून कमी आत जाणं शंभरात दोनदाच होतं. तसं दिसलं तर ढब तपासायची. म्हणून रोजचा आकडा लिहायचा आणि रविवारी आठवड्याची बेरीज बघायची. निम्मे फ्री थ्रो दमलेले असताना मार : कोर्टच्या दोन लांब फेऱ्या पूर्ण वेगात, लगेच दोन थ्रो, पुन्हा फेऱ्या. सामन्यात ताज्या पायाने फ्री थ्रो कुणालाच मिळत नाही.

सोडावं का? आज ठरवू नकोस. रक्ताचा अहवाल, घोट्याच्या कसोट्या आणि वहीचे 12 आठवडे हातात आल्यावर ठरव. तेव्हाही कोर्टवर पाऊल ठेवावंसं वाटलं नाही तर खुशाल सोड. त्यात लाज काही नाही.

राहिली नोकरी. भारतात केवळ लीगच्या मानधनावर जगणारी महिला बास्केटबॉलपटू शोधावी लागते. यूबीए ही भारतातली व्यावसायिक लीग 2015 ला सुरू होऊन काही हंगामांत थांबली. अशा गोष्टींवर घराचा हप्ता बेतता येत नाही. इथे व्यावसायिक म्हणजे नोकरी देणारा संघ, विशेषतः रेल्वे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघातून खेळली आणि रेल्वेच्या संघातूनही. खेळाडू कोट्यातल्या रेल्वे भरतीची वयोमर्यादा साधारण 18 ते 25, म्हणजे तुझं घड्याळ आता सुरू झालंय. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयातून झालेली लागते. केंद्राच्या भरतीत प्रमाणपत्राचे ठरावीक नमुने लागतात : राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलीस तर फॉर्म 2, आंतरविद्यापीठसाठी फॉर्म 3, राष्ट्रीय शालेयसाठी फॉर्म 4. स्पर्धा संपल्यावर लगेच सही-शिक्का घेऊन टाक, चार वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात. संघाची यादी आणि निकालपत्रिका यांच्या प्रतीही त्याच फाइलीत ठेव. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट मात्र करू नकोस, पडताळणीचा शिक्का मारायला कागद उघडा लागतो.